विहीणबाईंचा गुडघा आणि माझा

२ डिसेंबर

गुडघ्याचं ठरलं. उजवा बदलायचा. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाल्या, "तो ओढतोय तोवर ओढू द्या." डॉक्टर म्हणजे वैदेही. धंतोलीतल्या हॉस्पिटलात असतात, वयानं माझ्या मुलाएवढ्या, ऋषीएवढ्याच. एवढीशी मुलगी माझं हाड करवतीनं कापणार, या विचारानं मला तिथल्या तिथे घाम फुटला. पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सगळा जन्म वीज मंडळात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेला, चेहरा कोरा ठेवायची सवय आहे.

त्या एक अभ्यास करताहेत. गुडघा बदलताना हाड नेमकं कुठे कापायचं हे ठरवायला साचे लागतात. जुनी पद्धत म्हणजे सगळ्यांना चालणारे ठरावीक साचे, पेट्या भरून. नवी पद्धत म्हणजे आधी पायाचा स्कॅन काढायचा आणि त्यावरून त्याच पेशंटच्या हाडावर बसेल असा एक साचा बनवून आणायचा. यातलं बरं कोणतं, ते बघायचंय. निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. स्कॅन सगळ्यांचाच होणार, पण कोणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार, आणि पेशंटला तीन महिने सांगणार नाहीत. का, तर कळलं की माणसं मनानंच पळतात नाहीतर मनानंच लंगडतात.

मी स्पष्ट सांगितलं, मला मापाचाच गुडघा पाहिजे. मी आजवर ब्लाउजसुद्धा रेडिमेड घातला नाही. महाल भागातला टेलर माझं माप तोंडपाठ सांगतो.

"काकू, गुडघा सगळ्यांना तोच असतो, ठरलेल्या साइजचा," त्या म्हणाल्या. "मापाचा असतो तो फक्त कापायचा साचा. कापड तेच, खडूची रेघ मारायची पट्टी तेवढी वेगळी."

हे लगेच "कळलं" म्हणाले. हे म्हणजे अनंतराव, आमचे यजमान. बोलणं कमी, पेपर जास्त. मला काही कळलं नाही, पण सही केली.

५ डिसेंबर

ऋषीचा हैदराबादहून फोन. सूनबाईला, मिनलला, बाळंतपणाची मार्चअखेरची तारीख दिलीय. पण तिचं बीपी वाढतंय, तिकडच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणजे उमरेडला, तिच्या आईकडे. आता ते रद्द. कोणीतरी एकीनं हैदराबादला जायचं. त्यांचं घर दोन खोल्यांचं, दोन आया मावत नाहीत. घर माझ्या मुलाचं, म्हणजे मीच जाणार. यात विचार करण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही.

ऋषीला दिसलं. "आई, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. जिचा गुडघा आधी तीन मजले चढेल, ती येईल."

जिचा म्हणजे कोणाकोणाचा? तर मिनलच्या आईचा, प्रयागबाईंचाही उजवा गुडघा बदलायचाय. त्याच हॉस्पिटलात, त्याच दिवशी, त्याच अभ्यासात. नंतर व्यायामासाठी उमरेडहून एसटीनं रोज येणं जमायचं नाही, म्हणून माझ्या सुपुत्रानं त्यांना आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये ठेवायचं ठरवलंय. मला विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

ठीक आहे. होऊन जाऊ दे.

१७ डिसेंबर

झालं एकदाचं. काल दोघींचं झालं. आधी माझं, मग त्यांचं. त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं म्हणे, "पयले ईनबाईचं करा. पोराची माय हाये ते." विहिणीला त्या ईनबाई म्हणतात. भूल देतानासुद्धा मान राखतात. बाई वळणाच्या आहेत, हे मान्य करायला हवं.

आज व्यायामाचा मुलगा, रोहित, वॉकर घेऊन आला. मी चार पावलं टाकली आणि भिंतीला सांगितलं की आता पुरे. प्रयागबाईंनी तीन टाकली.

"काकू, तुम्हाला अजून जमते. टाका न एक," रोहित म्हणाला.

"नाई वं माय, जीव चालला माहा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून बसल्या.

बायकांना म्हणायचं वं पुरुषाला म्हणाल्या म्हणजे खरंच दुखत असणार. बिचाऱ्या. मला चार जमली याचा आनंद झाला, तो झाला असं लिहायला काही हरकत नाही. डायरी माझीच आहे.

२२ डिसेंबर

घरी आलो. दोघींच्या दोन खाटा बाहेरच्या खोलीत लावल्यात. ह्यांनी बेडरूममध्ये आसरा घेतलाय. विहिणीसमोर बनियनवर वावरता येत नाही म्हणून कडाक्याच्या थंडीत सकाळी सातला शर्टाच्या गुंड्या लावून चहा करतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हा माणूस शर्टात चहा करताना आत्ता दिसला.

बाथरूममध्ये उंच खुर्ची बसवलीय, संडासाच्या भांड्यावर. एकच आहे. पहाटे मला जाग आली तर प्रयागबाई खाटेवर ताठ बसलेल्या.

"काय झालं?"

"काई नाई. तुमी जाऊन या पयले."

"अहो, मला जायचंच नाही."

"नाई, पन मान तुमचा हाये."

मला जायचं नव्हतं, तरी गेले. नाहीतर त्या बाईनं दुपारपर्यंत धरून ठेवलं असतं.

३० डिसेंबर

रोहितनं कोन मोजला. गुडघा किती वाकतो ते मोजायचा त्याच्याकडे मोठा कंपासासारखा प्रकार आहे. माझा नव्वद. विहीणबाईंचा पंच्याऐंशी.

कोणाचा मापाच्या साच्यानं झाला असेल, हे आता वेगळं सांगायला नको. तरी खात्री करून घ्यावी म्हणून रोहितला बेसनाच्या पाटोडीचा रस्सा खाऊ घातला. दोनदा वाढून घेतला आणि म्हणाला, "काकू, मले पण नाही सांगत. मोजणाऱ्याले कळलं तर तो मोजतानाच बेइमानी करते न." रस्सा वाया गेला. रस्सा प्रयागबाईंनी केला होता, खाटेशेजारी शेगडी मांडून, बसल्या जागेवरून. चव आमच्या घरच्यापेक्षा बरी होती, हे मी फक्त इथे लिहिते.

१४ जानेवारी

संक्रांत. सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला आमच्याकडेच आल्या, आम्हाला खाली जाता येत नाही म्हणून. सगळ्यांना गुडघा दाखवला. "हा मापाचा आहे, स्कॅन काढून बनवलेला," असं मी सांगितलं. शेजारच्या कामिनीनं विचारलं, "आणि तुमच्या विहीणबाईंचा?" मी आवाज खाली आणून म्हटलं, "त्यांचा साधा. पण चांगला आहे हो, टिकेल."

प्रयागबाईंनी ऐकलं. हसून म्हणाल्या, "हो जी. आमाले काय, तयार मिळालं तेच लय झालं."

कसलीही असूया नाही त्या बाईच्या मनात. मला जरा चुकल्यासारखं झालं, पण तिळगुळाचा डबा पुढे आला आणि ते राहून गेलं.

२७ जानेवारी

आता काठीवर चालतो दोघी. माझा एकशे दोन, त्यांचा शंभर. नेहमी माझ्या मागे, थोड्याशाच मागे. डॉक्टर वैदेहींनी आज आकडे बघून भुवया वर केल्या. "तुमचे आकडे फार शिस्तीत चाललेत," म्हणाल्या. मी म्हटलं, नियमित व्यायाम.

नियमित व्यायामाबद्दल खरं लिहायचं तर असं आहे. रोज दोन जिने चढते-उतरते, असं मी रोहितला सांगितलंय. प्रत्यक्षात मी जिन्याच्या दारापर्यंत जाते, पहिल्या पायरीकडे बघते आणि परत येते. सपाट जमिनीवर मला काही वाटत नाही. पण पायरी दिसली की वाटतं हा पाय माझा नाही, कोणीतरी ठेवायला दिलाय, आणि तो मधेच मला सोडून देणार. मी मागच्या मागे घरंगळत खाली जाते आहे, असं डोळ्यांसमोर येतं. मी घाबरते. ह्यांना सांगितलेलं नाही. विहीणबाईंना तर नाहीच नाही. मापाचा गुडघा असून घाबरणं बरं दिसत नाही.

होईल सवय. मार्चला वेळ आहे.

८ फेब्रुवारी

आज एक विचित्र प्रकार झाला.

लिफ्ट सकाळपासून बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर. हे बँकेत गेलेले. प्रयागबाई लिफ्ट बंद पडायच्या आधीच खाली गेल्या होत्या, भाजीवाला आला म्हणून. मी काळजीनं दाराबाहेर येऊन जिन्यातून खाली डोकावले. बघते तर त्या येतायत. एका हातात सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी, काठी काखेत, आणि ओठांवर कसलंसं गाणं. दुसरा मजला, तिसरा मजला, थांबणं नाही, कठडा धरणं नाही.

मी "विहीणबाई!" म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. त्याच क्षणी त्यांच्या गुडघ्यात अशी कळ आली की त्या पायरीवरच बसल्या. "आई आई आई, लय दुखून राहिलं वं बाई. मले नाई जमत हे जिने."

मला वाटतं माझी नजर लागली. चांगल्या चढत होत्या, मी पाहिलं आणि झालं. संध्याकाळी ह्यांच्याकडून मीठमोहऱ्या आणवून दृष्ट काढली. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. "यमू," म्हणाले, "तू खरंच मंडळात तक्रारी सोडवायचीस?"

काय म्हणायचं होतं कोण जाणे.

१९ फेब्रुवारी

विहीणबाई दुपटी शिवतायत. जुन्या मऊ लुगड्यांची, छोटी छोटी, टाके असे की मुंगीच्या पायांनी घातलेत. तीन झाली, चौथं चालू आहे. सगळ्यांत लहान दुपट्याच्या कोपऱ्यात एक पोपट काढलाय. मी म्हटलं, "फार छान. द्या, मी हैदराबादला जाताना घेऊन जाईन."

त्यांची सुई थांबली. मग हातातलं दुपटं संपवलं, सगळी नीट घडी घातली आणि उठून माझ्या बॅगेत ठेवून आल्या. "यातलं मऊ पयले वापरा," म्हणाल्या. "पोरीले सांगजा, मायनं शिवलं."

समजूतदार बाई आहे. रात्री मात्र जेवल्या नाहीत. वांगं बाधलं असावं.

२ मार्च

मिनलचा फोन. आईशी बोलायचं म्हणाली. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"माय, तू येऊन राहिली ना?"

प्रयागबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुही सासू येनार हाये बेटा. तिचा गुडघा मापाचा हाये, चांगला चालते. माहा काही..." आणि पुढचं वाक्य गिळलं.

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. हैदराबादला सर्दीची साथ दिसते. ऋषीला मेसेज केला, तिला गरम पाणी देत जा.

१५ मार्च

आज जिन्याची परीक्षा होती. ऋषीनं डॉक्टरांना फोन करून ठरवलेली. हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यानं तीन मजले. जी चढेल ती हैदराबादला जाईल, आणि डॉक्टरांनाही तीन महिन्यांचे आकडे मिळतील. डॉक्टर हातात स्टॉपवॉच घेऊन वर जाऊन उभ्या राहिल्या. रोहित आमच्यासोबत. हे खाली बाकावर.

मी पुढे, विहीणबाई माझ्या एक पायरी मागे. पहिला मजला मी चढले. कसा, ते देवाला माहीत, दोन्ही हातांनी कठडा धरून, भिंतीवरच्या पाट्या वाचत. मग वळणावर चुकून मागे पाहिलं. संपलं. पाय उचलेचना.

"विहीणबाई, तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

त्या लगेच पायरीवर बसल्या. "माहाबी गुडघा धरला."

वरून डॉक्टर खाली आल्या. आमच्या दोघींकडे आणि आमच्यातल्या त्या एका पायरीकडे बघत राहिल्या. "हे मला तीन महिने छळतंय. यांचे नव्वद तर तुमचे पंच्याऐंशी. यांचे एकशे दोन तर तुमचे शंभर. चालण्याचा वेग, उठबस, सगळ्यात एक पाऊल मागे. प्रयागबाई, असं हाडांत नसतं हो!"

रोहितनं मान खाजवली. "मॅडम, सांगू का? ह्या काकू एकट्या असल्या न, तर एकशे अठरा वाकवते. मी पाहिलं, पण लिहायला लागलो तर म्हणाल्या, ईनबाईचा किती झाला? त्याच्या खालीच लिव."

"काहून पन?" डॉक्टरांच्याही तोंडून 'का'ऐवजी काहून निघालं.

प्रयागबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पोरीची माय हाये मी, डॉक्टरीनबाई. पोराच्या मायच्या पुढं पाय टाकू काय? उद्या पोरीले त्याच घरात राहा लागते."

मला लिफ्टचा दिवस आठवला. ते गाणं, ती सांबाराची जुडी. बॅगेतली दुपटी आठवली. मिनलची सर्दीसुद्धा आठवली, आणि ती सर्दी नव्हती हे आत्ता कळलं. मला एवढी लाज वाटली की क्षणभर पायरीची भीतीसुद्धा गेली. या बाईला आपल्या लेकीचं पहिलं बाळंतपण करायचं होतं. पाय धडधाकट होता. आणि तिनं ते माझ्या मागच्या पायरीवर ठेवून दिलं होतं, आणि मी ते उचलून बॅगेत भरलं होतं.

"चढा वर," मी म्हटलं.

"नाई जी. तुमी इथं बसून असान अन् मी वर जाऊ? लोक काय म्हनतीन?"

"लोक कुठे आहेत? रोहित आहे."

"रोहितबी लोकच हाये."

नुसतं सांगून ती ऐकणार नव्हती. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ऋषी-मिनलचं लग्न रजिस्टर झालं. मांडव नाही, पंगत नाही, त्यामुळे मुलाच्या आईचा जो खास हक्क असतो तो मला मिळालाच नव्हता. मी पायरीवर बसले, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि जाहीर केलं, "मी रुसले."

"आँ?" डॉक्टर म्हणाल्या.

"मी मुलाची आई आहे आणि मी रुसले आहे. माझा मान झाल्याशिवाय इथून उठणार नाही. हॉस्पिटल बंद करायचं असेल तर माझ्यावरून करा."

प्रयागबाई घाबरून उभ्याच राहिल्या. "काय चुकलं वं माय? काय पाह्यजे? शालू? पैठनी? इवायाले सांगू काय पाटल्या आनाले?" इवाई म्हणजे हे. हे खालच्या बाकावरून ओरडले, "मला मधे घेऊ नका."

"शालू नको," मी भिंतीला म्हटलं. "मुलीकडच्यांनी तिसऱ्या मजल्यावर जाऊन, वरच्या खिडकीतून मला हाक मारायची. कठडा न धरता. तेवढं झालं तर उठेन."

विहिणीचा रुसवा काढणं म्हणजे मुलीच्या आईला टाळता येत नाही. प्रयागबाईंनी लुगड्याचा काष्टा नीट केला, काठी रोहितच्या हातात दिली आणि निघाल्या. त्या माझ्या बाजूनं अशा वर गेल्या की डॉक्टरांना स्टॉपवॉच सुरू करायचं सुचलंच नाही. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "ईनबाई! आली वं मी! उठा आता!"

मी उठले नाही. उठता येत नव्हतं. मला रुसलेल्या अवस्थेतच रोहितनं आणि ह्यांनी खाली आणलं.

१६ मार्च

डॉक्टरांचा फोन. आम्हा दोघींना अभ्यासातून काढून टाकलंय. एक जण चढवून सांगत होती, दुसरी उतरवून. "असे आकडे छापले तर मला लोक विचारतील, ही काय नवी शस्त्रक्रिया आहे का," म्हणाल्या. पण आवाजात हसू होतं. "आता बाहेर काढलंच आहे तर सांगते. तुमचा साच्याच्या पेटीतला, साधा."

मी खुर्ची धरली. "आणि विहीणबाईंचा?"

"त्यांचाही साधाच. आणि काकू, मापाच्या साच्यानं झालेल्यांत आणि तुमच्यासारख्यांत मला अजून तरी फारसा फरक दिसलेला नाही. व्यायाम करणारे आणि न करणारे यांत मात्र दिसतो."

मी ह्यांना बजावलंय, कामिनीला कळता कामा नये. हे पेपरमागे होते. पेपर हलत होता.

२० मार्च

प्रयागबाई गेल्या. स्टेशनवर निघायच्या आधी मी दुपट्यांची बॅग त्यांच्या हातात दिली. डिंकाचे लाडूही दिले. त्यांनी वाकून पाया पडायचा प्रयत्न केला, गुडघा चांगला वाकला. मी खांदे धरून थांबवलं. हे म्हणाले, गाडी चुकेल.

२८ मार्च

नात झाली! दोघी सुखरूप आहेत. व्हिडिओत लाल लाल, मुठी आवळलेली, पोपटाच्या दुपट्यात. मी इतकी रडले की ह्यांनी शर्टाच्या बाहीनं फोन पुसला.

एवढं लहान माणूस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मी चौथ्या मजल्यावर बसून आहे. बारशाला जायचं म्हणजे चढावं लागणार. आज जिन्याच्या दाराशी गेले, एक पायरी उतरले, एक चढले. घरात फार शांत वाटतं. सकाळी खुर्चीवर आधी जायला मला कोणी सांगत नाही.

६ एप्रिल

आठ पायऱ्या. रोहित आता ओरडतो, "काकू, खरं सांगून राहिल्या न?" हो म्हटलं, हे साक्षीला आहेत. पण तीन मजले? मला नाही वाटत. ऋषीला सांगून ठेवलंय की दोघं मिळून खुर्चीत बसवून वर न्या. तो बरं म्हणाला.

१२ एप्रिल, हैदराबाद

बारसं उद्या आहे. आज जे झालं ते लिहिते आहे.

ऋषी खाली खुर्ची घेऊन आला होता. मी म्हटलं, जमेल तेवढं चालते. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर परत तेच. खाली पाहिलं आणि पाय थिजला. "खुर्ची आण," मी म्हटलं.

वरून आवाज आला, "जावाईबापू, खुर्ची तिथंच ठेवा."

मी मान वर केली. जिन्याच्या टोकाला, दारासमोर पाट टाकून प्रयागबाई बसलेल्या. मांडीवर नात. मला त्या दुपट्यातून फक्त काळं जावळ दिसत होतं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "जरा तिला खाली आणता का? मला बघू द्या."

"नाई आनत."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"नाई आनत म्हटलं. नात पाह्याची असन तं वर या."

ऋषी थिजला. मिनल दारात हात तोंडावर ठेवून उभी. हे दोन पायऱ्या वर होते, ते भिंतीला टेकले.

"मी मुलाची आई आहे!" मी ओरडले.

"असान! मी पोरीची माय हाये अन् लेकरू माह्या मांडीत हाये. तुमचा पाय साबूत हाये, डॉक्टरीनबाईनं मले सांगतलं. भेता काहून मंग भैताडावानी? माह्या नातीची आजी काय खुर्चीवर बसून येनार?"

भैताड! खुळी! मला! विहिणीला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, थांबा तुम्ही, आलेच मी वर, ही कुठली पद्धत, जावयाच्या दारात असा अपमान, आणि म्हणे मान राखते, तीन महिने माझ्या घरात राहून, माझ्या खुर्चीवर बसून, आणि दुपट्यात एवढं गुंडाळलंय, उकडत असेल तिला, एप्रिल आहे की काय आहे! हे सगळं मी बोलत होते आणि प्रयागबाई प्रत्येक वाक्याला "हो, अन् मंग?" म्हणत होत्या. त्यांचा आवाज मधेच फाटला. मी बोलायचं थांबले तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं, अगदी जवळून, कारण मी वर पोचले होते.

"या," त्या म्हणाल्या आणि नात माझ्या हातात दिली.

किती हलकी आहे. जांभई दिली तिनं. माझ्या मांडीवर, माझ्या उजव्या गुडघ्यावर तिची टाच होती, आणि तो गुडघा माझाच होता. मी आणि प्रयागबाई त्या पाटावर एकमेकींना खेटून बसलो आणि दोघी मिळून रडलो. मिनल म्हणाली, निदान दार तरी लावू द्या.

संध्याकाळी तेलावरून आमचं दुसऱ्यांदा वाजलं. त्या तिळाचं म्हणतात, मी खोबऱ्याचं. उद्या बारशाची आंघोळ कोण घालणार हेही अजून ठरलेलं नाही. त्या पाचला उठतात. मी साडेचारचा गजर लावलाय, आणि तो उशीखाली ठेवलाय.